१८५७ चं एनफिल्ड काडतूस: कागदाचा डमी नमुना घरी कसा करायचा

१८५७ वर कुठंही प्रदर्शन असलं की काडतुसाच्या जागी टेबलावर काय ठेवलेलं असते? पितळेची पुंगळी. कोणीतरी कुठून तरी आणलेली, मस्त घासून चकचकीत केलेली, आणि समोर पाटी "चरबी लावलेले काडतूस". अरे भाऊ, पितळेची पुंगळी कोण दातानं तोडेल? ते काडतूस कागदाचं होतं. पाचवीपासून आपण "दातानं तोडावं लागे" हे वाक्य पाठ करून राहिलो, पण दातानं नेमकं काय तोडायचं, आत काय असायचं, चरबी कोणत्या टोकाला लागायची, हे बहुतेकांनी कधी बघितलेलंच नसते. म्हणून हे लिहितो आहे, शाळेचे सर-मॅडम, इतिहासवाले पोरं, आणि ज्यांना असल्या गोष्टी हातानं करून बघायची खाज आहे अशा सगळ्यांसाठी.

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकू. आपण डमी करणार आहोत. बारूद नाही, शिसं नाही, फटाके फोडून काढलेली पावडर तर अजिबातच नाही. भरलेलं काडतूस शस्त्र अधिनियम १९५९ मधे दारूगोळ्यात येते, बारूद स्फोटक पदार्थांच्या कायद्यात येते, आणि "प्रोजेक्टसाठी केलं होतं साहेब" हे उत्तर ठाण्यात चालत नाही. लाकडाची गोळी आणि कलौंजी भरून जे तयार होते ते बाहेरून अगदी हुबेहूब दिसते, तेवढं पुरे.

आता कात्री हातात घ्यायच्या आधी हे काडतूस वापरलं कसं जायचं ते डोक्यात बसवा, कारण याची प्रत्येक घडी शिपायाच्या हाताच्या एकेका हालचालीसाठी आहे. ते कळलं नाही तर तुम्ही कागदाची सुरळी कराल, काडतूस नाही.

बंदूक म्हणजे १८५३ पॅटर्नची एनफिल्ड रायफल. नळीचा व्यास ०.५७७ इंच, आत पिळाचे तीन खाचे, आणि भरायची तोंडाकडून. रायफल तोंडाकडून भरायची ही जुनी डोकेदुखी होती, कारण गोळी खाच्यांना घट्ट बसली तरच ती फिरत जाते आणि नेम लागतो, पण घट्ट गोळी वरून ठोकत ठोकत खाली न्यायला वेळ लागतो, आणि दोनचार बार झाले की नळीत काजळी साचून तेही जमत नाही. यावर तोडगा निघाला तो असा की गोळी नळीपेक्षा बारीक करायची, तिच्या बुडाला खळगा ठेवायचा, म्हणजे भरताना ती सुळकन खाली जाते आणि बारूद पेटल्यावर मागच्या दाबानं फुगून खाच्यांत बसते. फ्रान्सच्या मिनिएचं नाव यात सगळ्यात जास्त गाजलं. एनफिल्डची गोळी मात्र प्रिचेट नावाची, अंगानं एकदम गुळगुळीत, तिच्यावर मिनिएसारखे गोल चरे नाहीत. व्यास ०.५६८ इंच, वजन ५३० ग्रेन म्हणजे ३४ ग्रॅमच्या वर. बारूद अडीच ड्राम, म्हणजे साडेचार ग्रॅमच्या आसपास.

मग गोळी बारीक आणि नळी मोठी, तर मधली जागा कोणी भरायची? कागदानं! इथंच या डिझाइनची खरी गंमत आहे. काडतुसाचा कागद फक्त पुडी नव्हता, गोळीभोवतीचा कागद गोळीसोबतच नळीत जायचा, तिला मधोमध धरायचा, आणि त्या कागदाला लावलेलं मेण-चरबी नळीतली काजळी मऊ ठेवायची.

शिपाई काय करायचा ते बघा. बंदुकीचा दस्ता जमिनीवर, नळीचं तोंड वर. पाउचमधून काडतूस काढायचं, त्याची पिळलेली शेपटी दातानं तोडायची (एक हात बंदुकीवर गुंतलेला म्हणून दात), बारूद नळीत ओतायची. मग काडतूस उलटं करायचं, गोळीकडची बाजू नळीत घालायची, जिथपर्यंत चरबी लागलेली तिथपर्यंत, आणि वर उरलेली रिकामी कागदाची नळी मनगटाच्या झटक्यानं मोडून फेकायची. गजानं गोळी खाली ठासायची, निपलवर, म्हणजे घोड्याचा ठोका पडतो त्या बारीक नळकांड्यावर, ठिणगी पाडणारी टोपी लावायची, बार. सराव असलेला माणूस मिनिटाला तीन बारांपर्यंत जायचा.

आता "उलटं करायचं" यावर थांबा. काडतूस उलटं केल्यावर गोळीचं बूड खाली, बारुदीकडं जायला पाहिजे आणि टोक वर. म्हणजे काडतुसात गोळी उलटीच ठेवावी लागते, टोक आत बारुदीच्या बाजूला आणि बूड बाहेर. नेटवरचे बरेचसे चित्रं बघून लोकं गोळीचं टोक बाहेर काढून ठेवतात, मिसाइलसारखं. दिसायला भारी दिसते पण एनफिल्डसाठी चूक आहे.

सामान फार नाही लागत. नागपुरात सीताबर्डी, महाल, इतवारी, जिथं जवळ पडेल तिथं एकाच चकरीत होऊन जाते.

गोळीसाठी १४ मिमीचा गोल लाकडी दांडा, हार्डवेअरमधे नाहीतर सुतारकाम करणाऱ्याकडे मिळते. २६ मिमीचा तुकडा कापा, एक टोक सँडपेपरनं गोलसर करा, फार अणकुचीदार नको. दुसऱ्या टोकाला ड्रिलनं उथळ खळगा पाडा, तो बुडाचा खळगा. मग पेन्सिलीचं शिसं खसाखस घासा आणि फडक्यानं पुसा, असा काही करडा रंग येते की लोकं हातात घेऊन वजन बघतात आणि हलकं लागल्यावर चमकतात. सिल्व्हर पेंट नका मारू, खेळणं वाटते.

दुसरा दांडा कागद गुंडाळायला, याला फॉर्मर म्हणू. हा गोळीपेक्षा एखाद मिमी बारीक पाहिजे, १३ च्या आसपास, कारण त्याच्यावर कागदाचे थर चढले की बरोबर गोळीएवढी जाडी होते आणि काडतूस खालपासून वरपर्यंत एकसारखं दिसते. १२ चा मिळाला तर त्याच्यावर कागदाचे दोनतीन फेर चिकटवून जाडी वाढवा. लांबी वीतभर. याच्या एका टोकाला वाटीसारखा खळगा करा, गोळीचं टोक त्यात टेकलं पाहिजे. हा खळगा टाळू नका, आतल्या कागदाची घडी त्यातच दबून बसते.

कागद दोन प्रकारचे. आतल्या कडक नळीसाठी ड्रॉइंगचा कार्ट्रिज पेपर, १२० जीएसएमचा. बाहेरच्या दोन आवरणांसाठी पातळ पण चिवट कागद, ६०-७० जीएसएम, थोडा पिवळसर, हातकागद मिळाला तर सोन्याहून पिवळं. पांढराशुभ्र झेरॉक्सचा कागद नको, घडीवर तडकते. आणि बटर पेपर तर चुकूनही घेऊ नका, त्याला इतिहासाचंच कारण आहे: बंगालमधे बहरामपूरला १९ व्या पलटणीनं २६ फेब्रुवारी १८५७ ला काडतुसं घ्यायला नकार दिला तेव्हा संशय कागदावरच होता, कागद चकाकतो म्हणजे त्यातच चरबी आहे असं शिपायांचं म्हणणं. चकचकीत कागदाचा नमुना ठेवला की बघणाऱ्याला वाटते खरंच तसा कागद होता, आणि मग तुम्ही दिवसभर समजावत बसा.

बारुदीच्या जागी कलौंजी. काळी, बारीक, दाणेदार, हलवली की आतून बरोबर तसाच खुळखुळ आवाज. भरायच्या आधी तव्यावर कोरडी गरम करून घ्या, नाहीतर पावसाळ्यात कीड लागते. रवाही चालते, पण शेपटी उघडून दाखवायची असेल तर पांढरा रवा बघून सगळा मूड जाते.

आता कापणं. तीन तुकडे लागतात आणि तिघांचं काम वेगवेगळं आहे. (मापं या १३ च्या फॉर्मरसाठी काढलेली आहेत, कारखान्यातली मूळ मापं समजू नका.)

पहिला, कडक कागदाचा साधा आयत, ४५ मिमी उंच, ७५ मिमी रुंद. ही बारुदीची नळी. हिच्यामुळं काडतूस पाउचमधे दबत नाही, आणि दुसरं म्हणजे हिची कड जिथं संपते तिथंच नंतर कागद मोडतो. झटक्यात मोडायचं म्हटलं तर कुठं मोडायचं हे कागदाला आधीच माहीत पाहिजे ना, ते काम ही कड करते.

दुसरा, पातळ कागदाचा, खाली रुंद वर निमुळता. उंची ९० मिमी, खालची बाजू ९०, वरची ६०, एक बाजू सरळ आणि दुसरी तिरपी. तिसरा बाहेरचा, तसाच तिरपा, उंची १२० मिमी, खाली १००, वर ६०. तिरपं का कापायचं? सरळ आयत गुंडाळला तर शेपटीलाही तेवढेच थर येतात आणि ती धड पिळल्या जात नाही, तोडायला गेलं तर दात हालतील. तिरप्या कापामुळं गोळीकडं दोन थर, शेपटीकडं जेमतेम दीड. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या बायांना बिडी वळताना बघितलं असेल तर हा निमुळता काप लगेच डोक्यात बसेल.

तिसऱ्या तुकड्यावर अजून एक काम आहे. जो भाग गोळीवर येणार तिथं, खालच्या कडेपासून १५ मिमी सोडून, ब्लेडनं तीन बारीक उभ्या चिरा द्या, प्रत्येकी सेंटीमीटरभर, अशा अंतरानं की गुंडाळल्यावर गोळीभोवती सगळीकडून पडतील. नंतरच्या काडतुसांत ह्या चिरा असायच्या, त्या कशासाठी तर गोळी नळीबाहेर पडली की कागद फाटून तिच्यापासून लगेच सुटावा, चिकटून राहिला तर गोळी वाकडी जाते. डमीत त्यांचा काही उपयोग नाही, पण जाणकार माणूस सगळ्यात आधी तेच बघतो.

आता वळायला घ्या. दुसरा तुकडा टेबलावर, रुंद बाजू डावीकडं, सरळ कड तुमच्याकडं. त्याच्यावर कडक आयत ठेवा, डावीकडून १२ मिमी आत. आयतावर फॉर्मर, खळग्याचं टोक आयताच्या डाव्या कडेशी बरोबर जुळवून. आणि घट्ट गुंडाळत जा, पहिला फेर सैल गेला की पुढं कितीही ओढा, घट्ट होत नाही, सरळ उलगडून पुन्हा घ्या. शेवटची कड खळीच्या एका थेंबानं चिकटवा, फेविकॉलनं कागद आकसतो. डावीकडं जे १२ मिमी बाहेर आलं ते थोडं थोडं आत मोडत फॉर्मरच्या खळग्यात दाबा, आणि गोळीच्या टोकानं चेपून टाका. झाली बारुदीची नळी, खालून बंद.

फॉर्मर अजून काढायचा नाही. आता तिसरा तुकडा पसरा, रुंद बाजू डावीकडंच. गोळीचं टोक बारुदीच्या नळीच्या बंद तोंडात टेकवा, गोळी आणि फॉर्मर एका रेषेत, आणि दोन्ही मिळून कागदावर ठेवा, गोळीच्या बुडापलीकडं १२ मिमी कागद उरला पाहिजे. दोन्ही हातांचे अंगठे सांध्यावर ठेवून गुंडाळा. सांधा सरकतोच सुरुवातीला, दोघं जण असाल तर एकानं धरायचं एकानं वळायचं. बुडाकडचा कागद घड्या घालत आत मोडा आणि टेबलावर उभं ठोकून सपाट करा. मग फॉर्मर हळू फिरवत बाहेर काढा. ओढू नका, फिरवा, ओढलं तर हवा खेचल्या जाऊन आतली घडीच उघडते.

आता नळीत कलौंजी, साडेतीन सेंटीमीटरपर्यंत. खऱ्या मापाची बारूद एवढ्या नळीत साधारण तेवढीच जागा घ्यायची, म्हणून तेवढं. वरचा रिकामा कागद चिमटीत धरून पिळा आणि शेपटी आडवी मोडून ठेवा.

राहिलं ते वंगण, ज्याच्यावरून एवढं सगळं झालं. इंग्लंडमधल्या मिश्रणात आधी चरबीचा भाग मोठा होता, नंतर मेण वाढवून पाच भाग मधमाशीचं मेण आणि एक भाग चरबी असं आणलं. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात जी चरबी वापरली ती कोणत्या जनावराची हे कोणी धड तपासलंच नव्हतं, आणि जानेवारी १८५७ मधे तिथून जी कुजबूज निघाली ती थांबली नाही. सरकारनं लगेच सांगितलं की शिपायांनी स्वतःच मेण आणि तेल-तूप आणून लावावं, दाताऐवजी हातानं तोडायची मुभाही दिली, पण तोवर विश्वास गेलेला होता, आणि उलट लोकं म्हणायला लागले की आधी काही नव्हतं तर आता बदलता काऊन.

आपण तेच परवानगीचं मिश्रण करू, म्हणजे टेबलावर ठेवायला कोणाची हरकत नाही. पाच भाग मेण, एक भाग खोबरेल. तूप कराल तर महिन्याभरात खवट वास, जवसाचं तेल घ्याल तर हवेत चिकट होऊन त्याला धूळ बसते. मेण मधमाशीचंच घ्या, खादी भांडारात मिळते, मेणबत्तीचं मेण कागदावरून पापुद्रे सुटून पडते. पातेल्यात पाणी उकळून त्यात वाटी ठेवून वितळवा, डायरेक्ट गॅसवर नको. काडतूस शेपटीकडून धरायचं आणि गोळीकडची बाजू खांद्यापर्यंत, म्हणजे जिथं गोळी संपून बारुदीची नळी सुरू होते तिथपर्यंत बुडवायचं, दोन सेकंद, बाहेर काढून निथळू द्यायचं. खांद्याच्या वर गेलं तर तेल बारुदीच्या भागात झिरपते, खऱ्या काडतुसात तर ती बारूद गेलीच म्हणायची. इथं एक चांगलं समजते: तोंडाला लागायची ती शेपटी, आणि चरबी दुसऱ्या टोकाला. मग आक्षेप चुकीचा होता का? नाही. हाताला ती लागायचीच, पाउचमधे एकाचं दुसऱ्याला लागायचं, आणि आपल्या उन्हाळ्यात चरबी काय एका जागी थांबून राहते! मे महिन्यात नागपुरात एखादं काडतूस खिडकीत ठेवून बघा, मेण जास्त असूनही डाग कसा वर चढतो ते.

सीताबर्डीच्या लढाईचं टेबल करणार असाल तर मात्र हे काडतूस तिथं ठेवायचं नाही. ती लढाई २६-२७ नोव्हेंबर १८१७ ची, आप्पासाहेब भोसले आणि कंपनीची. एनफिल्डला अजून पस्तीसेक वर्षं होती. तेव्हा कंपनीच्या पायदळाकडं चकमकीची ब्राउन बेस बंदूक, आत खाचे नसलेली, नळी पाऊण इंच, गोळी ०.६९ इंचाची गोल. मधे एवढा गाळा ठेवलेला की काजळी बसली तरी गोळी आपोआप घरंगळत जायची, नेमाचं काय ते देवाला ठाऊक. तिचं काडतूस एकदम सोपं. एकच तिरपा कागद, एका टोकाला गोळी, वर दोरा बांधलेला, मग बारूद, मग शेपटी. गोळीसाठी काचेचा कंचा घ्या, १६ मिमीचा मिळते, त्याला करडा रंग द्या, फॉर्मरही तेवढ्याच जाडीचा. यात वंगण नाही, कडक नळी नाही, चिरा नाहीत, गोळी उलटी-सुलटी हा प्रश्नच नाही कारण गोळी गोलच. शिपाई यातली चिमूटभर बारूद आधी चकमकीच्या पाळीत टाकायचा, बाकीची नळीत, आणि मग गोळी कागदासकट ठासायची. दोन्ही नमुने शेजारी ठेवले की चाळीस वर्षांत काय बदललं ते कोणाला सांगावं लागत नाही.

पाटीवर काय लिहिता तेही सांभाळा. मेरठच्या ज्या ८५ स्वारांनी २४ एप्रिलला काडतुसं नाकारली त्यांच्यापुढं ठेवलेली काडतुसं एनफिल्डची नव्हतीच, घोडदळाच्या जुन्या कार्बाइनची, म्हणजे आखूड बंदुकीची होती. आपल्याकडं १३ जून १८५७ ला टाकळीच्या घोडदळातला उठावाचा बेत फुटला आणि पुढं फाशी झाल्या, तर त्या पाटीशेजारी एनफिल्डचं काडतूस ठेवून त्या स्वारांनी हेच नाकारलं असं काही सुचवू नका. "१८५३ पॅटर्न एनफिल्ड रायफलच्या काडतुसाचा नमुना, आत बारूद नाही" एवढं पुरे.

एक नमुना पूर्ण ठेवा, एक शेपटी तोडून कलौंजी बाजूला ओतलेला, आणि एक ब्लेडनं उभा कापून, ज्यात आतली उलटी गोळी आणि बंद घडी दिसते. लोकं सगळ्यात जास्त वेळ या कापलेल्यापुढंच उभे राहतात. मूळ काडतुसं दहा-दहाच्या पुडक्यात यायची, तर हौस असेल तर दहा वळून खाकी कागदात बांधून ठेवा. सगळ्यांवर बारीक अक्षरात "डमी" लिहून ठेवा आणि विमानानं जाणार असाल तर बॅगेत टाकूच नका, स्कॅनरवाल्या माणसाला प्रिचेट गोळी समजावत फ्लाइट सुटेल. ठेवायला स्टीलचा डबा, उन्हापासून लांब, आत सिलिकाची एक पुडी, आणि मुंग्या खोबरेलावर येतातच म्हणून डब्याचं झाकण घट्ट.